बॅटरीचा चेन सॉ घेतलाय. वाडीत कलंडलेला आंबा आणि गोठ्यावरची फणसाची फांदी कापायची आहे, काय काळजी घ्यावी?

माडबाग_गुहागर

नमस्कार मंडळी. आमची वाडी गुहागर तालुक्यात. मी नोकरीसाठी पुण्यात, आई-बाबा गावी. यंदाच्या पावसात विहिरीजवळचा जुना रायवळ आंबा मुळासकट कलंडला. पुरता आडवा झालेला नाही. मुळांचा गड्डा अर्धा जमिनीत, अर्धा वर उचललेला. शेंडा पलीकडच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर टेकलाय आणि मधलं खोड कमरेएवढ्या उंचीवर अधांतरी. बुंध्याशी दोन फूट तरी जाड असेल. दुसरं काम म्हणजे फणसाची मांडीएवढी फांदी गोठ्याच्या कौलांवर वाकून आली आहे. वाऱ्यात घासते आणि कौलं सरकतात.

तोडणारी माणसं मिळत नाहीत, मिळाली तर तारीख देत नाहीत. म्हणून ३६ व्होल्टचा, १४ इंची बारचा (म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती पट्टी) बॅटरीवरचा चेन सॉ घेतला. बॅटरी एकच, ४ अँपिअर-अवरची. दुकानदाराने चेन चढवून, तेल भरून दिलं आणि एक फळी कापून दाखवली. शिक्षण एवढंच.

बाबा सत्तरी ओलांडलेले. कोयता-कुऱ्हाड त्यांच्या हातात शोभते. त्यांना हे मशीन अगदी सोपं वाटतंय, कारण आवाज नाही, धूर नाही, दोरी ओढायची नाही. मला नेमकी त्याचीच भीती वाटते. मी इकडे असताना ते आणि गडी मिळून मशीन बाहेर काढतील.

सुरुवात कुठून करावी? आंब्याचं खोड कसं कापावं? फांदीसाठी शिडी लावावी का? ती जाड सुरक्षा पँट खरंच लागते का? अनुभवी लोकांनी सविस्तर सांगावं, ही विनंती.

सह्यकडा

एवढं मोठं मशीन घ्यायची गरजच नव्हती. ऑनलाइन सहा इंची छोटा बॅटरी सॉ मिळतो, एका हातात मावतो. शिडीवर चढायचं, एका हाताने फांदी धरायची, दुसऱ्या हाताने कापायचं. आमच्या सोसायटीतल्या माळ्याने गुलमोहराच्या फांद्या अशाच उतरवल्या. काही झालं नाही.

तोडणीवाला

सह्यकडा, तुमचा सल्ला चांगल्या मनाने दिलाय हे कळतं, पण कृपया तो कोणी घेऊ नका. त्या चार आणि सहा इंची मशीनना बहुतेक वेळा चेनचा ब्रेकच नसतो. एका हातात मशीन आणि दुसरा हात फांदीवर म्हणजे तो दुसरा हात चेनपासून वीतभर अंतरावर. फांदी तुटताना हलते, मशीन उडी घेतं, आणि शिडीवर माणसाला मागे सरकायला जागा नसते. ते मशीन वाईट नाही. जमिनीवर उभं राहून, दोन्ही हातांनी धरून, मनगटाएवढ्या फांद्यांसाठी ते बरं आहे.

आता माडबाग, तुमच्याकडे येतो. मी मंडणगड-दापोली भागात झाडं तोडायचं आणि जुन्या हापूस कलमांच्या छाटणीचं काम करतो. वडील दोघांच्या करवतीवर काम करायचे, मी पेट्रोलच्या मशीनवर शिकलो आणि आता छाटणीला बॅटरीचंच मशीन नेतो. ते हलकं आहे, थरथर कमी आहे, दिवसभर पेट्रोलचा धूर नाकात जात नाही. पण तुमची भीती बरोबर आहे, आणि मी तिथूनच सुरुवात करतो.

पेट्रोलचं मशीन चालू आहे की नाही ते वाडीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसालाही कळतं. बॅटरीचं मशीन जमिनीवर पडलेलं असतं, आवाज शून्य, आणि ते कापायला पूर्ण तयार असतं. लॉकचं बटण आणि ट्रिगर दाबला गेला की त्याच क्षणी चेन पूर्ण वेगात. लॉकचं बटण असतं हे खरं, पण माणूस मागची मूठ घट्ट पकडून मशीन उचलतो तेव्हा अंगठा आणि बोट आपोआप त्याच दोन जागी जातात. म्हणून माझ्याबरोबरच्या पोरांना एकच गोष्ट पहिल्या दिवशी सांगतो: बॅटरी मशीनमध्ये आहे तोवर मशीन चालूच आहे असं समजायचं. चेन ताणायची, बॅटरी काढा. दातात अडकलेली साल काढायची, बॅटरी काढा. दुसऱ्याच्या हातात द्यायचं, गडगा ओलांडायचा, पाणी प्यायला जायचं, बॅटरी काढा. पाऊल दोन पाऊल सरकायचं असेल तर निदान ब्रेक पुढे ढकलून लॉक करा आणि बोट ट्रिगरवरून बाहेर. तुमच्या बाबांच्या बाबतीत उपाय सोपा आहे. पुण्याला येताना बॅटरी बरोबर घेऊन या. मशीन गावी राहू दे.

दुसरी गोष्ट, मशीनची उसळी. बारच्या वरच्या कडेने चेन आपल्यापासून दूर, टोकाकडे धावते आणि टोकावरून वळून खालच्या कडेने आपल्याकडे येते. टोकाच्या वरच्या पाव भागात एखादा दात लाकडाला लागला की त्याला कापायला वाव मिळत नाही, तो अडकतो, आणि मोटरचा सगळा जोर बारला वर आणि मागे, म्हणजे तुमच्या तोंडाकडे फेकतो. हे इतक्या पटकन होतं की माणसाला कळायच्या आधी झालेलं असतं. ताकदीने आवरता येत नाही. बहुतेक वेळा जी फांदी कापतोय तिच्यामुळे हे होत नाही, तिच्या मागे लपलेल्या फांदीला टोक लागतं. म्हणून कापायच्या आधी बारचं टोक पलीकडे कुठे जाणार ते वाकून बघा. आड येणारी बारीक पालवी आधी कोयत्याने साफ करा.

पुढच्या मुठीवर डावा हात, आणि अंगठा मुठीखालून वळवून घट्ट. पुष्कळ लोक अंगठा वरच ठेवतात, मग उसळी आली की मूठ हातातून निसटते. डावा हात नीट धरलेला असेल तर उसळीच्या वेळी मनगट मुठीपुढच्या ब्रेकच्या पात्यावर (हाताआडची ढाल, कापणारं पातं नव्हे) आपटतं आणि ब्रेक लागतो. चांगल्या मशीनमध्ये नुसत्या झटक्यानेही लागतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. डावं कोपर सरळ ठेवा, डोकं बारच्या रेषेत नको, थोडं डावीकडे. आणि रोज काम सुरू करताना ब्रेक तपासा: मशीन जमिनीवर दाबून धरून चेन फिरवा, ट्रिगर न सोडता मनगटाने पातं पुढे ढकला. चेन तिथल्या तिथे थांबली पाहिजे. रेंगाळत थांबली तर त्या दिवशी मशीन वापरू नका.

आता तुमचा आंबा. तुम्ही जे वर्णन केलंय ते मी ३ जून २०२० नंतर आमच्याकडे वाडी-वाडीत बघितलं. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं आणि आमच्या पट्ट्यातले आंबे, फणस, माड, पोफळी मुळासकट लोळवून गेलं. उभं झाड तोडण्यापेक्षा पडलेलं झाड कापणं सोपं, असं लोकांना वाटतं. माझं मत अगदी उलट आहे. उभ्या झाडाचं वजन कुठे आहे ते दिसतं. पडलेल्या झाडात प्रत्येक फांदी कुठेतरी दाबलेली, कुठेतरी ताणलेली असते आणि ते वरून कळत नाही.

तुमचं खोड दोन्ही टोकांना टेकलंय, मध्ये अधांतरी. म्हणजे वरची बाजू दाबाखाली आणि खालची ताणाखाली. सरळ वरून खाली कापत गेलात तर अर्ध्यात चीर मिटते आणि बार लाकडात चिमटून बसतो. मग माणूस मशीन ओढायला लागतो, हलवायला लागतो, आणि तिथेच अपघात. योग्य पद्धत अशी की दाबाच्या बाजूने, म्हणजे वरून, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश कापायचं. चीर मिटायला लागतेय असं दिसलं की थांबायचं. मग खालून वर कापत तिला भेटायचं. खालून कापताना बारची वरची कड वापरली जाते आणि मशीन तुमच्या अंगावर ढकललं जातं, ते धरायची तयारी हवी. ओंडका एकाच टोकाला टेकलेला आणि दुसरं टोक हवेत असेल तर सगळं उलट: ताण वर, दाब खाली, म्हणून आधी खालून थोडं आणि मग वरून. खोड आडव्या दिशेने वाकलेलं असेल तर बाहेरच्या, फुगलेल्या बाजूला कधी उभं राहायचं नाही. तुटल्यावर ते त्याच बाजूला झेपावतं.

पडलेल्या झाडाखाली दबून कमानीसारख्या वाकलेल्या बारक्या फांद्या असतात, त्यांच्याकडे लोक दुर्लक्ष करतात. मनगटाएवढी फांदी ताणलेल्या गलोलीच्या रबरासारखी सुटते आणि जबडा फोडू शकते. त्या एका घावात तोडू नका. आतल्या, दबलेल्या बाजूने थोडं थोडं खरवडत न्या म्हणजे ताण हळूहळू उतरतो. आणि ज्या फांद्या टेकूसारख्या खोडाला उचलून धरतायत त्या सगळ्यात शेवटी. आधी कापल्यात तर खोड गडगडेल. उतार असेल तर नेहमी वरच्या अंगाला उभे राहा.

सगळ्यात मोठा धोका मुळांच्या गड्ड्याचा. खोडाचं वजन आहे म्हणून तो उचललेला आहे. खोड बुंध्याजवळ कापलंत की वजन गेलं, आणि तो गड्डा बुंध्यासकट परत खड्ड्यात उभा राहतो. वादळानंतर एका वाडीत आम्ही फणसाचं खोड कापलं. शेवटचे दोन बोटं लाकूड राहिलं तेव्हा आतून कडकड ऐकू आली, आणि छातीएवढा बुंधा मातीचे ढेकळं उडवत सरळ उभा झाला, जणू झाड कधी पडलंच नव्हतं. पाच मिनिटांपूर्वी त्याच खड्ड्यात घरातली मुलं खेकडे शोधत होती. आम्ही काम सुरू करताना त्यांना घराच्या ओट्यावर पाठवलं होतं. तुमचा गड्डा तर विहिरीजवळ आहे. खड्ड्यात, गड्ड्याच्या मागे किंवा त्याच्या सावलीत कोणी उभं राहता कामा नये. गड्डा दोराने बांधून मगच बुंध्याकडचा छेद घ्यायचा, तोही चार-पाच फूट खोड ठेवून.

खरं सांगू? दोन फूट जाडीचं खोड आणि १४ इंची बार, हे नवशिक्याचं काम नाही. बारच्या लांबीपेक्षा जाड लाकडाला दोन्ही बाजूंनी, टोक आत घालून कापावं लागतं आणि टोकाचा धोका मी वर सांगितलाच आहे. तुम्ही शेंड्याकडच्या, गडग्यापलीकडे जमिनीवर मोकळ्या पडलेल्या फांद्यांपासून सुरुवात करा. मांडीएवढ्यापर्यंत. तेवढ्यात आठवडाभराचं जळण निघेल आणि हात बसेल. खोड आणि गड्डा माणसाकडून करून घ्या, तारीख उशिरा मिळाली तरी चालेल. पडलेला आंबा कुठे जात नाही.

फणसाच्या फांदीला तुम्ही स्वतः हात लावू नका. शिडीवरून नाही, कौलांवरून नाही. खांद्याच्या वर मशीन नेऊन कापायचं नाही, हा नियम आम्हीही पाळतो. चढणारा माणूस कमरेला दोर बांधून चढतो, फांदी वरच्या बेचक्यातून दोराने धरून ठेवतो आणि तुकड्या-तुकड्याने खाली सोडतो. कौलांवर एकही तुकडा पडू न देता हे होतं.

काजूवाडी_वेंगुर्ला

तोडणीवाले दादांनी लाख मोलाचं लिहिलंय. मी फक्त झाडांबद्दल थोडी भर घालते.

आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं आहेत. बिब्ब्याचं तेल अंगावर उतलं की काय होतं ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आंब्याचा चीक आणि ओला भुसासुद्धा काही जणांना तसाच बाधतो, थोड्या कमी प्रमाणात. माझ्या मिस्टरांच्या मानेवर आणि कोपराच्या आत पुरळ येतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, कॉलरचं बटण लावलेलं आणि काम झाल्यावर लगेच साबणाने आंघोळ. वाडीच्या कडेला रानटी झुडपांत बिब्बा असेल तर तो चेन सॉने कापूच नका, भुसा थेट डोळ्या-नाकात जातो.

दुसरं म्हणजे हुमले. आंब्याच्या पानांची घरटी करून राहणाऱ्या तांबड्या मुंग्या. झाड पडलं तरी त्या तिथेच असतात. हातात चालू मशीन आणि गळ्यात हुमले शिरले तर माणूस मशीन टाकून नाचायला लागतो. आधी लांब काठीने फांद्या हलवून बघा. ढोली असेल तर गांधीलमाश्या आणि साप दोन्ही बघा.

माड कापायची वेळ आली तर तो आंब्यासारखा समजू नका. माडाचं खोड बाहेरून कठीण आणि आत भुसभुशीत असतं, तंतू चेनच्या खोबणीत गच्च भरतात आणि चेन बघता बघता बोथट होते.

सिस्टर_चिपळूण

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. मशीनचं मला कळत नाही, जखमांचं कळतं. चेन सॉची जखम कोयत्याच्या जखमेसारखी एका रेषेत नसते. मांस फाटलेलं असतं, आत भुसा आणि तेल असतं, रक्त खूप जातं.

अशा वेळी जखमेवर स्वच्छ कापडाची जाड घडी ठेवून तळहाताने जोरात दाबायचं आणि दाबूनच ठेवायचं. थांबलं का म्हणून दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. हळद, चहापूड, चुना, तंबाखू, काही भरू नका, नंतर ते काढण्यात आमचा वेळ जातो. सुतळीने किंवा तारेने हात-पाय करकचून बांधू नका. १०८ ला फोन करा, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल तिथे पोचल्यावर आठवणीने सांगा.

आता खरी अडचण. आपल्याकडे वाडीत रेंज नसते. काम सुरू करायच्या आधी रेंज कुठे मिळते ते बघून ठेवा आणि बरोबर एक माणूस ठेवा, जो कापणार नाही, फक्त लांब उभा राहील. गाडी रस्त्याला तोंड करून लावा, किल्ली त्या माणसाकडे. एकट्याने हे काम कधीही करू नका, बाबांनाही करू देऊ नका.

माडबाग_गुहागर

सगळ्यांचे मनापासून आभार. तोडणीवाले काका, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. गड्डा उभा राहतो ही गोष्ट त्यांना लगेच पटली, त्यांनीही लहानपणी एकदा बघितली होती म्हणाले. बॅटरी पुण्याला न्यायचं त्यांना आवडलेलं नाही, पण कबूल केलं.

तेवढ्याने अजून थोडे प्रश्न उरले आहेत. पँटचं काय? आमच्याकडे गडी हाफ पँट आणि अनवाणी, बाबा लुंगीत. दुसरं, गॅरेजमधून काळं तेल आणून चेनला वापरतात असं गावातल्या एकाने सांगितलं. तिसरं, बाबा डावरे आहेत, त्यांनी मशीन उलटं धरायचं का? आणि बॅटरीची काही विशेष काळजी?

तोडणीवाला

बाबांना माझा नमस्कार सांगा. डावऱ्या माणसानेही मशीन तसंच धरायचं, डावा हात पुढे आणि उजवा ट्रिगरवर. मशीन त्याच हिशोबाने बनवलेलं असतं. उलटं धरलं तर शरीर बरोबर बारच्या रेषेत येतं आणि ब्रेकचं पातं मनगटाच्या समोर राहत नाही. सवय व्हायला वेळ लागतो, पण त्याला पर्याय नाही.

पँट लागते. लुंगी अजिबात नाही, सैल लेंगा नाही, गळ्यात टॉवेल नाही. जीन्सने फक्त ओरखडे वाचतात, चेन वाचत नाही. सुरक्षा पँटमध्ये लांब धाग्यांचे थर असतात. चेनने वरचं कापड फाडलं की ते धागे ओढले जाऊन चेनच्या दातेरी चाकात गुंततात आणि चेन जाम होते. घेताना लेबलवर आयएसओ ११३९३ आणि वर्ग बघा. वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर चेनच्या वेगापर्यंत तपासलेली, वर्ग २ म्हणजे २४ मीटर. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत चेनचा वेग दिलेला असतो, त्याच्याशी ताडून बघा. एक लक्षात असू द्या, पेट्रोलचं इंजिन गुंतलं की गुदमरून बंद पडतं, बॅटरीची मोटर मात्र कमी वेगातही जोर लावत राहते. म्हणून पँट घातली की पाय सुरक्षित झाला असं धरून चालू नका. चष्मा किंवा जाळीचा मुखवटा, हेल्मेट, पकड असलेले बूट. पावसाळ्यात ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं, तिथे पाय घसरला की बाकी सगळं व्यर्थ. आवाज कमी असला तरी कानात बोळे घाला, चेनचा आवाज असतोच.

काळं तेल टाकू नका. जळक्या इंजिन ऑइलमध्ये धातूचा बारीक चुरा असतो, तेलाचा पंप आणि बार दोन्ही खातो, आणि चेनवरून उडून ते तुमच्या कातडीवर आणि विहिरीच्या मातीत जातं. चेन-बारचं तेल वेगळं मिळतं, ते चिकट असतं म्हणून चेनवर टिकतं. इथे बॅटरीच्या मशीनची एक खोच आहे. पेट्रोलवाला पेट्रोल भरताना तेलही भरतो, त्यामुळे ते आठवतं. बॅटरीवाला बॅटरी बदलतो आणि तेल विसरतो. बॅटरी चार्जिंगला लावली की तेलाची खिडकी बघायचीच. तेल येतंय का ते तपासायला बारचं टोक कोरड्या, फिकट रंगाच्या ओंडक्यासमोर वीतभर अंतरावर धरून चेन फिरवा. लाकडावर तेलाची बारीक रेघ उठली पाहिजे.

चेनचा ताण थंड असताना बघा. बॅटरी काढून, हातमोजा घालून चेन बारच्या खालच्या बाजूने ओढा. ती लोंबता कामा नये, पण हाताने सहज सरकली पाहिजे. कापताना गरम होऊन सैल पडते, तेव्हा पुन्हा ताणा, आणि काम संपल्यावर थोडी ढिली करून ठेवा, नाहीतर थंड होताना आवळून बारला ओरबाडते. बार आणि चेनवर फणसाचा चीक बसला तर रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने साफ करा, हाताला मात्र खोबरेल.

भुशाकडे बघत जा. चेनला धार असली की लाकडाच्या छोट्या ढलप्या पडतात. पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला, किंवा मशीनवर जोर द्यावा लागला की समजायचं धार गेली. बोथट चेन जास्त धोक्याची, कारण माणूस रेटायला लागतो आणि रेटताना तोल पुढे जातो. मातीला चेन लागली तर एका क्षणात धार जाते. म्हणून जमिनीवरचा ओंडका वरून पाऊण कापायचा, मग लोळवून दुसऱ्या बाजूने.

बॅटरी उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. काम करून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, हाताला थंड लागू दे. महिनाभर वापरणार नसाल तर पूर्ण भरून नाही आणि पूर्ण रिकामी करून नाही, साधारण अर्धी भरून कोरड्या जागी. पिशवीत तिच्याबरोबर खिळे, पाने, सुटे पैसे टाकू नका. तुमची बॅटरी १४४ वॉट-अवरची आहे, दोन्ही टोकं धातूने जुळली तर पिशवी पेटते. पावसात काम नाही, पुस्तिकेत चालतं असं लिहिलं असलं तरी. पकड सुटते.

आणखी दोन कामाच्या गोष्टी. झाडाजवळून विजेची तार जात असेल तर महावितरणला १९१२ वर कळवून लाईन बंद झाल्याशिवाय फांदीला हात लावू नका. आणि १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा आणि फणस दोन्ही आहेत. पडलेलं झाड असलं तरी लाकूड वाडीबाहेर न्यायच्या आधी वनपालांना विचारून घ्या, गाडी अडवली की मनस्ताप होतो.

माडबाग_गुहागर

काका, एक शेवटचं. फणसाची फांदी माणसाकडून काढून घेतल्यावर त्या जागी काय लावायचं? आणि चेनला धार लावायला कोणती कानस आणू? दुकानात चार-पाच जाडीच्या दिसल्या.

तोडणीवाला

फांदी काढणाऱ्याला आधीच सांगा, छेद तीन घ्यायचे. पहिला खोडापासून फूटभर बाहेर, खालून. दुसरा त्याच्याही थोडा बाहेर, वरून, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत नेत नाही. तिसरा उरलेल्या खुंटाचा, बुंध्याशी जिथे फांदी फुगलेली असते त्या वळ्याच्या बाहेरून. वळा कापला तर जखम भरत नाही. जखमेला बोर्डो पेस्ट: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा, प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडी भांडं नको. लावलं नाही तर पावसाळ्यात बुरशी आणि मागोमाग भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी.

कानस गोलच हवी, पण जाडी चेनप्रमाणे बदलते. १४ इंची बारच्या बॅटरी मशीनवर बऱ्याचदा तीन-अष्टमांश लो प्रोफाइल चेन असते, तिला ४ मिलिमीटरची कानस लागते. तुमची तीच आहे असं धरून चालू नका. बारवर, मुठीच्या बाजूला, आकडे कोरलेले असतात, ते आणि पुस्तिकेचं पान यांचा फोटो काढून दुकानात दाखवा. बरोबर कोन दाखवणारी पट्टीही मागा. धार लावताना कानस फक्त पुढे ढकलायची, मागे येताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखेच हात, नाहीतर मशीन एका बाजूला ओढत तिरकं कापतं. आणि हे सगळं करताना बॅटरी मशीनमध्ये नको, घरात ठेवून या.